भारोभार गूळ

माघ शुद्ध ३, शके १८३५ (दादांनी शिकवल्याप्रमाणे निजामी फसली सन १३२३). नांदूरघाट.

आष्टीहून, माहेरून, निघताना वडिलांनी, म्हणजे दादांनी, ही वही दिली. म्हणाले, "भिवरा, रोज लिहायचा हट्ट नको. काही घडलं तर लिही. मात्र खोटं लिहू नकोस." आई मला आठवत नाही. जे काही येते ते दादांनी शिकवलेले: बाराखडी, पाढे, मोडी, थोडे उर्दू आकडे. दादांना जेवढे ठाऊक तेवढे मला ठाऊक.

पहिल्याच पानावर अडले. यांचे नाव वहीत लिहावे का? तोंडाने घेत नाही हे खरे, पण लेखणी म्हणजे तोंड का? हे दादांना विचारायचे राहिले. तूर्त 'हे' असे लिहिते.

आज घडले ते असे. सासूबाईंनी जाहीर केले की यंदा शिवरात्रीला बीडला जाऊन नवस फेडायचा. हे सहा वर्षांचे असताना तापाने फणफणले होते. तेव्हा सासूबाईंनी पदर पसरला होता, "कनकालेश्वरा, माझं लेकरू उठू दे, तुझ्या दारी त्याच्या भारोभार घरचा गूळ वाहीन." लेकरू उठले. मग एका साली पाऊस नव्हता, एका साली पटकी, एका साली प्लेग, मग मामंजी गेले. लेकरू आता अठ्ठावीस वर्षांचे आहे आणि गाडीत बसले की बैल मागे वळून बघतात.

इतक्या वर्षांनी नवस आठवला तो माझ्यामुळे. लग्नाला पाच वर्षे झाली, घरात पाळणा नाही. सासूबाई म्हणाल्या, "देवाचं फेडायचं ऱ्हायलंय म्हणून आडलंय. आता फेडू. तरी बी पाळणा न्हाई हलला तर शिरूरचा विठ्ठल हायेच की."

विठ्ठलराव हे सासूबाईंचे भाऊ, शिरूरचे पाटील. त्यांना छबु नावाची लग्नाच्या वयाची मुलगी आहे. ते तिला घेऊन जत्रेला येणार आहेत. "बघून ठिवू," सासूबाई म्हणाल्या, "बघायला काय जातंय?"

बघायला माझे सगळेच जाते. पण मी होकाराची मान हलवली. मान हलवणे हे खोटे बोलणे होते का, याचा विचार करत आहे.

माघ शुद्ध ९

आज खळ्यात धान्याची मोठी तागडी टांगून सासूबाईंनी यांना पारड्यात बसवले. दुसऱ्या पारड्यात घरच्या गुऱ्हाळाचा गूळ. विहिरीला पाणी नव्हते म्हणून यंदा ऊस थोडाच झाला, चार ढेपा आणि एक मोडकी. सगळ्या ठेवल्या. यांचे पारडे जमिनीला चिकटून राहिले.

गाडीवान म्हाळूमामा म्हणाले, "वैनी, आजून येक ढेप लागंल."

"हाय कुठं?"

"मंग इकत घ्या."

"देवाला इकतचा गूळ चालत न्हाई. घरचाच बोलले व्हते." सासूबाईंनी यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. "गूळ वाढत न्हाई तर पोरगं कमी करायचं."

मी भीतभीत विचारले, "आत्याबाई, देवाला कळणार नाही का?"

"काय कळायचंय? उपास देवाचाच की."

आजपासून यांना एकच वेळ अर्धी भाकरी. हे कधीच काही बोलत नाहीत. मला वाटते, लिहिणारी बायको पदरी पडली म्हणून त्यांना माझा राग असावा. परवा शाईची दौत आणून माझ्यापुढे नुसती ठेवली आणि निघून गेले.

माघ शुद्ध १२

माझ्या हातून पाप घडत आहे, ते लिहून ठेवते.

आष्टीला होते तेव्हापासून मला अन्न जात नाही. भाकरी तव्यावर टाकली की तिच्या वासाने मळमळते. देवाच्या गुळाचा वास तर मुळीच सोसत नाही. देवाला वाहायच्या वस्तूची शिसारी येते म्हणजे माझे मन किती वाईट असेल! सासूबाईंना सांगावे तर त्या म्हणतील की नवसाला सुनेचाच विरोध आहे.

पण ताटातले टाकणे हेही पाप. म्हणून काल माझी भाकरी फडक्यात बांधून गोठ्याकडे नेली. गाईला घालावी म्हटले, तर तिथे हे उभे. उपाशी माणसाकडे फडके धरून उभे राहायचे आणि द्यायचे नाही, हे मला जमले नाही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग दोन भाकऱ्या उभ्याउभ्याच संपवल्या.

"तू जेवलीस?"

"हो," मी म्हणाले.

हे खोटे. वहीत लिहिले म्हणजे निदान अर्धे तरी फिटले असे धरते.

माघ वद्य २

पाप रोजचे झाले आहे. माझी भाकरी, माझे पिठले, माझा भात, सगळे गोठ्याकडे जाते. ते घेतात, आणि बदल्यात शेतातून बोरे आणि कच्च्या चिंचा आणतात. त्या मात्र मला जातात. एका बैठकीत ओटीभर बोरे खाल्ली. स्वतः पोटभर बोरे खायची आणि देवाच्या नवसात खोट पाडायची, हा माझा धर्म!

सासूबाई रोज यांच्या दंडाला चिमटा घेऊन बघतात. "कमी कावून होईना रं पोरा? उपाशी राहून फुगायलास व्हय?"

"हवा मानवली," हे म्हणाले.

माघ वद्य ८

एक गोष्ट बरी झाली. जत्रेच्या दिवसांत नेमकी बाहेर बसायची वेळ आली तर देवळात पाऊल टाकता यायचे नाही, म्हणून मी आष्टीलाच देवाला हात जोडले होते. देव फार ऐकणारा आहे. पौषातही अडचण आली नाही आणि या महिन्यातही नाही. इतके मागितले नव्हते. सासूबाई समजतात की मी आष्टीला बसून आले. त्यांनी विचारले नाही, मी बोलले नाही. न बोलणे खोट्यात धरतात का?

माघ वद्य १२. मांजरसुंबा.

पहाटे गाडी जुंपली. गाडीत सासूबाई, मधोमध गूळ, आणि गुळाला टेकून मी. थोडे अंतर कसेबसे काढले. मग म्हटले, "मी चालते." हेही उतरले. म्हणाले, बैलांना ओझे नको. दोघे गाडीमागून धुळीत चालत राहिलो. काटा दिसला की हे आधी पायाने बाजूला सारत.

म्हाळूमामा पुढून ओरडले, "वैनी, मालकाला अजून दोन कोस चालवा, आपोआप वजन उतरंल!"

सासूबाईंना ते इतके पटले की त्यांनी यांना घाट चढून होईपर्यंत गाडीत बसू दिले नाही. घाटमाथ्यावर पोचल्यावर यांना इतकी भूक लागली की माझी दशमी, माझे शेंगदाणे आणि म्हाळूमामांची अर्धी भाकरी गेली.

माघ वद्य १३. बीड.

बीड पाहिले! किती लिहू? वेशीतून आत शिरताना वेशीवरचा जवान पेंगत होता. पुढे अत्तरवाले, कातड्याच्या चपला, पितळेची भांडी, रेवड्यांचे डोंगर. मंडई ओलांडून गेलो की एकदम पाणी, आणि पाण्याच्या मधोमध कनकालेश्वर! गुडघाभर पाण्यात उतरून कोणी आंघोळीला बसावे तसे ते देऊळ बसले आहे. काळा दगड, त्यावर बारीक कोरीव बाया, आणि खाली त्याच बाया पाण्यात उलट्या हलतात. देवळाकडे जायला अरुंद वाट. तिच्यावर एवढी माणसे की पाण्यातल्या सावलीची वाटही भरून गेली होती. असे काही मी पुस्तकातही वाचले नव्हते. डोळे भरून आले. यांनी पाहिले असावे, कारण बरोबर त्याच वेळी ते दुसरीकडे बघू लागले.

काठावर बांगड्या भरणारे चाचा भेटले. म्हणाले, "बेटी, ये तो कुछ नहीं, हमारे उरुसाला ये, मंग बघ गर्दी." हिरव्या बांगड्या भरताना त्यांनी माझा हात हातात धरून विचारले, "हात लई गार हाय. कुछ खाती का नहीं?" मी बोरे खाते म्हणून सांगितले. हे खरे आहे.

संध्याकाळी विठ्ठलराव आले. मिशीला तूप, खांद्यावर उपरणे, मागे छबु. मी तिचा द्वेष करायचे ठरवले होते. पण ती माझ्याजवळ येऊन बसली आणि पहिल्याच वाक्याला म्हणाली, "वैनी, त्या तिकडं लाकडाचा पाळणा फिरतोय. आत्याला सांगून मला बसवा ना."

यांच्याकडे तिने एकदाच पाहिले. मग मला हळूच विचारले, "हे इतके मोठे हायेत, झोपेत घोरतेत का?"

"थोडेसे," मी म्हणाले. खरे सांगायचे तर गोठ्यातली म्हैस दचकते. हे खोटे छबुच्या भल्यासाठी बोलले की माझ्या, ते कळत नाही.

विठ्ठलराव सासूबाईंना सांगत होते, "आक्का, माझ्या गाडीत बी गूळ हाय. घरचाच. उद्या कमी पडला तर भावाचं घर परकं न्हाई. फकस्त मंग पोरीचं तेवढं..."

"बघू," सासूबाई म्हणाल्या. त्या बघू म्हणाल्या की होय असते.

माघ वद्य १४. महाशिवरात्र.

आजचे क्रमाने लिहिते.

गर्दीमुळे तागडी टांगायला जागा मिळेना. शेवटी देवळाचे गुरव सिदूबाबा यांनी पाण्याला लागून शेवटच्या पायरीवर तीन वाशांची घोडी उभी करून दिली. हे रिकाम्या पोटी आले होते, असे सासूबाईंना वाटत होते. पहाटे माझ्या वाटची रताळी आणि शेंगदाणे कोणी खाल्ले हे मला माहीत होते.

हे पारड्यात बसले. चार ढेपा आणि मोडकी पलीकडे ठेवली. यांचे पारडे पायरीवर दगडासारखे.

"श्वास सोड," सासूबाई म्हणाल्या.

सोडला. काही झाले नाही.

"पागोटं काढ. कोट काढ. अंगठी काढ."

काढले.

"कंबरेचा करगोटा?"

सिदूबाबांनी हात जोडले. "वो बाई, देवाच्या दारात माणूस सोलायलाव व्हय?"

लोक हसले. जत्रेतले निम्मे लोक आता आमच्याभोवती होते. मग सासूबाई गुळापुढे वाकल्या आणि नमस्कार करावा तसे दोन्ही हात ढेपेवर टेकले. पारडे हळूहळू खाली येऊ लागले. मला दिसले की त्यांच्या टाचा उचलल्या आहेत. मी गप्प राहायला हवे होते. गूळ पुरला असता, विठ्ठलरावांचे काही चालले नसते. पण तोंडातून निघून गेले, "आत्याबाई, हात."

त्यांनी हात काढले. पारडे वर गेले. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मी पदर तोंडात कोंबला.

विठ्ठलराव हीच वाट बघत होते. गड्याला हाक मारून त्यांनी आपली मोठी ढेप आणवली. "घे आक्का. माझ्या छबुच्या नावानं." सगळ्यांसमोर म्हणाले. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा यांच्याकडे, आणि होकाराची मान हलवली. मला पुढची पायरी दिसेना.

तेव्हा हे म्हणाले, "थांबा जरा." त्यांनी मला जवळ बोलावले. बंडीच्या खिशातले मामंजींचे घड्याळ काढून माझ्या हातात दिले. पायरीवर काढलेले जोडे हाताने पाण्यापासून दूर सारले. म्हणाले, "मागं सर. अजून. आणखी मागं."

विठ्ठलरावांनी ढेप पारड्यात ठेवली, आणि नेमका त्याच क्षणी यांचा पाय घसरला. बसलेल्या माणसाचा पाय कसा घसरतो ते मला अजून कळलेले नाही. ते पारड्यात ताडकन उभे राहिले, घोडीचा एक वासा सरकला आणि तागडी, गूळ, विठ्ठलरावांची ढेप, हे, सगळे धडाधड पाण्यात!

मी किंचाळले. हे पोहणारे आहेत हे मला आठवलेच नाही. लहानपणापासून विहिरीत उड्या मारतात. ते लगेच वर आले नाहीत. ढेपा होत्या तिथेच पाणी ढवळत राहिले, ढेपा शोधत असावेत. वर आले तेव्हा हातात गुळाचा बोटभर खडा होता.

"विरघळला," ते म्हणाले.

इतक्यात छबु, बहुधा तहान लागली म्हणून, पायरीवरचे पाणी ओंजळीने प्यायली आणि ओरडली, "गोड हाय! पाणी गोड लागायलंय!"

झाले. एक म्हातारी वाकली, तिने चाखले, हात जोडले. मग शंभर हात पाण्यात. तांबे, घागरी, पदर. "देवानं पाणी गोड केलं!" कोणी म्हणाले. मी त्या म्हातारीला सांगायला गेले, "आजी, तो गूळ होता, आमचाच, आत्ता पडला."

"गप गं पोरी," ती म्हणाली, "तुझ्या तोंडालाच चव न्हाई."

सासूबाई पायरीवर बसून होत्या. "पण बाबा, भार झाला का? भारोभार बोलले व्हते मी."

सिदूबाबांनी ओल्या यांच्याकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले, जमलेल्या गर्दीकडे पाहिले. "पाण्यात कशाचा भार, बाई? तोलायचं काम देवानं सोताच्या हातानं केलं. फिटला नवस."

"आन माझी ढेप?" विठ्ठलराव म्हणाले. "ती मी छबुच्या..."

"देवाला दिल्यालं माघारी मागता व्हय पाटील? या एवढ्या लोकात?" सिदूबाबा म्हणाले.

विठ्ठलरावांनी त्या एवढ्या लोकांकडे पाहिले आणि उपरणे झटकले.

मग सिदूबाबांनी पहिले तीर्थ सुनेला म्हणून मला दिले. गोड, कोमट, गुळाचा तो वास. मी पाठ वळवून पायरीच्या कडेला गेले आणि सगळ्या जत्रेदेखत ओकारी झाली.

देवाच्या तीर्थाची ओकारी! मी खाली बसून रडू लागले आणि सासूबाईंना सगळे सांगून टाकले. अन्न जात नाही, गुळाचा वास खपत नाही, भाकऱ्या यांनाच घालत होते, त्यामुळेच नवस बिघडला.

"कवापासून खपंना?" त्यांनी विचारले.

"पौषापासून. आष्टीपासून."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. मग त्यांनी माझे तोंड आपल्या पदराने पुसले. त्या माझे तोंड कधी पुसत नाहीत. उठून भावाला बाजूला घेतले, कानात दोन शब्द सांगितले. विठ्ठलराव माझ्याकडे वळून बघत निघून गेले. छबु पाळण्यात बसायला मिळाले म्हणून हसत गेली, जाताना मला हात हलवला.

मग सासूबाई यांच्या कानात काही बोलल्या. हे ओल्या धोतरानिशी पायरीवर खाली बसले आणि तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतले. खांदे हलत होते. मी त्यांना रडताना कधी पाहिले नव्हते.

माघ अमावास्या. परतीची वाट.

मला मोठा आजार झाला आहे, आणि कोणी सांगत नाही.

गाडीत माझ्याखाली कडब्याच्या पेंढ्या, वर सासूबाईंची स्वतःची गोधडी. मी चालते म्हटले तर दोघे एकदम ओरडले. हे गाडीपुढे चालत बैलांना सारखे म्हणतात, "हळू. हळू रे." दगड आला की हे स्वतः वाकून बाजूला करतात. वाटेत एका बाईच्या परसातली कैरी सासूबाईंनी चोरली. चोरली! आणि मीठ लावून मला दिली. मरणाऱ्या माणसालाच असे सगळे मिळते.

मी एकदा विचारले, "आत्याबाई, मला काय झालंय?"

"काय न्हाई. असल्या गोष्टी इतक्यात बोलू नयेत. नजर लागती." आणि माझ्यावरून मीठ ओवाळून टाकले.

म्हणून लिहून ठेवते. माझी जांभळी साडी छबुला द्यावी. वही दादांना. शाईची दौत यांच्याकडेच राहू द्यावी.

फाल्गुन शुद्ध ३. नांदूरघाट.

अजून जिवंत आहे. आज भाकरी गेली, दीड. सासूबाईंनी गावभर सांगितले आहे की आमच्या नवसाने कनकालेश्वराचे पाणी गोड झाले. मी खरे काय ते सांगायला दारात गेले तर त्या म्हणाल्या, "उंबऱ्यात उभी राहू नको, आत हो," आणि सांगायचे राहून गेले.

हे दुपारी एक लाकूड घेऊन आले. शिसवाचे. पाळण्याच्या खुराला चांगले, असे म्हाळूमामांना सांगत होते. छबुला आवडला म्हणून जत्रेतल्यासारखा तिला करून देणार असतील. मन फार मऊ आहे यांचे, मला उगीच राग वाटत होता.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना सासूबाईंनी पुन्हा पदर पसरला. मी ऐकले. "पुढच्या शिवरात्रीला परत येते रे देवा. परत भारोभार. यंदासारखा वर्षानुवर्षं उशीर न्हाई करायची, तान्हं आसतानाच आनते." मग म्हाळूमामांना म्हणाल्या, "ती मोठी तागडी ठिव माळ्यावर. पुढच्या साली भाजीची बारकी पुरंल. गूळ बी अर्धीच ढेप."

मला काळजीने झोप येणार नाही. एका वर्षात यांचे वजन अर्ध्या ढेपेवर कसे उतरायचे? उद्यापासून पुन्हा उपाशी ठेवणार, दुसरे काय! मी मात्र ठरवले आहे. या वेळी नवस बिघडवायचा नाही. आता सगळ्या भाकऱ्या मी स्वतःच खाईन.